शेवटला कर्णा

गेल्या आषाढांत लोणावळ्यास एका वृद्ध ख्रिस्ती परिचारिकेच्या अंत्यविधीस आम्ही सहकुटुंब गेलों होतों. त्या रात्रीं आमच्या घरांत एक प्रश्न निघाला, आणि आम्हीं त्याचें दिलेलें उत्तर घरांतल्या सर्वांत वडील माणसानें तेथल्या तेथें खोडून काढलें. तेव्हांपासून या विषयावर आम्हीं जें वाचलें, विचारलें आणि पाहिलें, तें या महिन्याच्या सदरांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

बाईंना सारें गांव सिस्टर म्हणे. आमच्या घरचीं मुलें त्यांना सिस्टरमावशी म्हणत. आमच्या घरांतलीं बहुतेक बाळंतपणें त्यांच्या हातून सुखरूप पार पडलेलीं आहेत. लोणावळ्याच्या पावसाळ्यांतली रात्र कशी असते हें तेथें राहिलेल्यांना सांगावयास नको. धुक्यांत समोरचा माणूस दिसत नाहीं, दिवे गेलेले असतात, आणि पागोळ्यांच्या आवाजांत बोललेलें ऐकूं येत नाहीं. अशा वेळीं आमच्यापैकीं कोणी तरी त्यांच्या दारीं जावें आणि एक हांक मारावी. दुसरी हांक मारण्याची पाळी आमच्यावर कधीं आली नाहीं. ‘आलें हं’ असा शब्द आंतून येई, आणि पाठोपाठ बाई पिशवी घेऊन ओसरीवर उभ्या असत.

अंत्यविधीच्या दिवशीं मावळांत पाऊस नुसता कोसळत होता. आमच्या घरीं बायकांनीं स्मशानांत जाण्याची चाल नाहीं; परंतु ८३ वर्षांच्या आमच्या आत्याबाईंनीं त्या दिवशीं कोणाचेंही ऐकलें नाहीं. आम्हांला वाटलें, फाटकापाशीं थांबतील; त्या थांबल्या नाहींत. खणलेल्या खड्ड्यांत पाणी सांचत होतें आणि दोन माणसें तें बालदीनें उपसत होतीं. पेटी खालीं उतरली. पाळकांनीं छत्रीखालीं पुस्तक धरून संत पौलाच्या पत्रांतला उतारा वाचला. शेवटला कर्णा वाजेल आणि मेलेलीं माणसें उठतील, असा त्याचा आशय होता. मग प्रत्येकानें मूठभर माती टाकली. आम्हींही टाकली.

घरीं येऊन स्नानें झालीं, जेवणें झालीं. रात्रीं पावसानें आणखी जोर धरला. आत्याबाईंना झोंप येईना. ‘एवढ्या पावसांत तिला एकटीला मातींत ठेवून आलों रे आपण,’ असें त्या अंधारांत म्हणाल्या. त्यांच्याशेजारीं निजलेला आमचा नऊ वर्षांचा नातू जागाच होता. त्यानें विचारलें, ‘पणजी, तो कर्णा कधीं वाजणार?’ आम्हीं सुशिक्षितांच्या संवयीप्रमाणें उत्तर दिलें कीं, सगळे धर्म शेवटीं एकच सांगतात, तूं आतां झोंप. त्यावर आत्याबाई म्हणाल्या, ‘एकच सांगतात तर त्यांनीं तिला पुरलें कां, आणि आपण जाळतों कां? ठाऊक नसेल तर ठाऊक नाहीं म्हणावें.’

आम्ही निरुत्तर झालों. ‘सगळे धर्म एकच सांगतात’ हें वाक्य आपण सौजन्य म्हणून बोलतों. पण पुष्कळ वेळां शेजाऱ्याचें म्हणणें ऐकून घेण्याचा कंटाळा त्याच्याआड लपलेला असतो. तेव्हां हें म्हणणें नीट ऐकून घ्यावें असें आम्हीं ठरविलें.

प्रथम त्या शब्दाकडेच पाहूं. कर्णा हा शब्द आपल्या घरचा आहे. देवाच्या पालखीपुढें आणि पूर्वींच्या फौजांत वाजणारें तें लांब नळीचें धातूचें वाद्य. मराठी बायबलांत शेवटल्या दिवशींच्या त्या वाद्याला हेंच नांव दिलेलें आहे. ख्रिस्ती कथाही मराठींत कालपरवां आलेली नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानें रचलेलें ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यांत राचोल येथें १६१६ मध्यें छापलें गेलें. श्रीरामपूरच्या कॅरीसाहेबांचा मराठी नवा करार १८११ मध्यें निघाला. हें श्रीरामपूर बंगालमधलें. आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबल मराठींत आणण्याचें काम पंडिता रमाबाईंनीं याच पुणें जिल्ह्यांत, केडगांवच्या मुक्तिसदनांत बसून केलें. तें पुस्तक त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनीं, १९२४ मध्यें, प्रसिद्ध झालें.

या कर्ण्याचें मूळ ख्रिस्ताच्याही आधींचें, यहुदी लोकांच्या जुन्या शास्त्रांत आहे. सिनाय पर्वतावर देव उतरला तेव्हां शिंगाचा नाद वाढत गेला असें तेथें वर्णन आहे. अरण्यांतून प्रवास करणाऱ्या त्या लोकांसाठीं चांदीचे दोन कर्णे घडविण्याची आज्ञा मोशेला झाली. लोकांना एकत्र बोलावण्यासाठीं, तळ हलविण्यासाठीं, युद्धाच्या व सणाच्या वेळीं ते वाजवावयाचे होते. आणखी एक नियम आम्हांस फार विचार करण्यासारखा वाटला. दर पन्नासाव्या वर्षीं देशभर शिंग फुंकावें, दास म्हणून विकल्या गेलेल्यांना मोकळें करावें, आणि गरिबीमुळें ज्याची वडिलोपार्जित जमीन गेली असेल त्याला ती परत मिळावी, असा तो नियम. म्हणजे जमविणें, चालतें करणें आणि सोडविणें हीं त्या नादाचीं मुख्य कामें. मेंढ्याच्या शिंगाचा हा नाद आपल्याला परकाही नाहीं. कोंकणांत शतकानुशतकें मराठी बोलत आलेले आपले बेने इस्राएल बंधु ज्याला नव्याचा सण म्हणतात, त्या वर्षारंभीं यहुदी प्रार्थनामंदिरांत तें शिंग फुंकलें जातें.

पौल हा याच शास्त्रांत वाढलेला यहुदी होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास त्यानें ग्रीस देशांतल्या करिंथ शहराच्या मंडळीला पत्र लिहिलें. त्या पत्राचा पंधरावा अध्याय सगळा मृतांच्या पुनरुत्थानाविषयीं आहे. शेवटल्या कर्ण्याचा उल्लेख करतांना त्याच्या मनांत तें जुनेंच शिंग होतें हें उघड आहे. मेलेलीं माणसें अरण्यांतल्या तळाप्रमाणें उतरलेलीं आहेत, कर्णा वाजला कीं तीं एकत्र जमतील आणि मृत्यूच्या दास्यांतून सुटतील, असा हा विचार. थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रांतही त्यानें हीच गोष्ट सांगितली आहे, आणि तीही आपल्या मेलेल्या माणसांसाठीं शोक करणाऱ्यांचें सांत्वन करण्याकरितां.

ज्यांना त्यानें हें सांगितलें ते ग्रीक लोक आपल्यासारखेच होते, ही गोष्ट आमच्या वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. आत्मा अमर आहे हें त्यांच्यांतल्या शहाण्यासुरत्यांना मान्य होतें. शरीर ही बेडी, ती सुटली तर बरेंच, असें त्यांचे तत्त्वज्ञ म्हणत. शरीरच पुन्हा उठेल ही कल्पना त्यांना चमत्कारिक वाटली. अथेन्सच्या सभेंत पौलानें मेलेल्यांतून उठण्याची गोष्ट काढतांच कित्येकजण हंसले, अशी नोंद बायबलांतच आहे. गीतेंतला जीर्ण वस्त्रांचा दृष्टान्त ज्याच्या ओठांवर आहे त्यालाही प्रथम हंसूंच येईल.

पौलानें उत्तर दिलें तें शेतकऱ्याचें. पेरलेला दाणा मातींत जातो आणि वर येतें तें निराळें दिसतें. पण तें त्याच दाण्याचें असतें. पुरलेलें शरीर जसेंच्या तसें बाहेर येईल असें त्याचें म्हणणें नाहीं. पालटलेलें, नाश न पावणारें शरीर येईल, असें आहे. हा उतारा आम्हीं अंत्यविधीला ऐकला तेव्हां भोंवतालच्या खाचरांतून भाताची लावणी चालली होती. मावळांत भाताचें बीं पेरण्यापूर्वीं शेतकरी राब भाजतो. शेण, पालापाचोळा आणि फांद्या वाफ्यावर पसरून पेटवितो, आणि पाऊस पडला कीं त्याच राखेंत बीं टाकतो. अग्नि आणि माती हीं दोन्ही त्याला लागतात. यावरून आम्ही कांहीं सिद्धान्त काढीत नाहीं. पण त्या दिवसापासून तीं खाचरें पाहिलीं कीं ही गोष्ट आठवते.

आतां आत्याबाईंच्या प्रश्नाकडे येऊं. त्यांनीं पुरलें कां, आणि आपण जाळतों कां? आपल्या मतें माणूस म्हणजे देहीं राहणारा. देह त्याचें वस्त्र. वस्त्र अग्नीला दिलें कीं त्याचें ऋण फिटलें; जाणारा पुढच्या वाटेला लागला. ख्रिस्ती मतें मनुष्य आत्मा आणि देह मिळून एक आहे. ज्या हातांनीं बाईंनीं आमचीं मुलें घेतलीं ते हातही बाईच होत. म्हणून ख्रिस्ती माणूस देहाला टाकीत नाहीं, ठेवतो. इंग्रजींत दफनभूमीला जो सेमेटरी शब्द आहे, त्याच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ झोंपण्याची जागा असा आहे. जुन्या ख्रिस्ती चालीप्रमाणें प्रेताचे पाय पूर्वेकडे ठेवतात. उठल्यावर तोंड उगवतीकडे असावें, हा हेतु. दहनानें देवाचें सामर्थ्य अडतें असें मात्र ते मानीत नाहींत. रोमन कॅथलिक चर्चनें १९६३ मध्यें दहनाला मोकळीक दिली. २०१६ मध्यें आणखी असें सांगितलें कीं, रक्षा विखुरूं नये, घरांत ठेवूं नये, पवित्र स्थळीं जतन करावी. रीत सैल झाली, तरी देहाविषयींची आस्था तीच राहिली.

हा कर्णा नेहमींच गोड वाजतो असेंही नाहीं. बायबलाच्या शेवटच्या पुस्तकांत सात देवदूत सात कर्णे वाजवितात आणि एकेका नादासरशीं पृथ्वीवर एकेक संकट कोसळतें. त्या दिवशीं न्यायही व्हावयाचा आहे. मायकेल अँजेलोनें रोमच्या सिस्टीन मंदिराच्या भिंतीवर १५४१ मध्यें पुरें केलेलें चित्र याच दिवसाचें. त्यांत देवदूत गाल फुगवून कर्णे वाजवीत आहेत आणि खालीं माणसें मातींतून वर येत आहेत. हा कर्णा गाब्रिएल नांवाचा देवदूत वाजवील अशी लोकसमजूत आहे. पण बायबलांत वाजविणाराचें नांव नाहीं. इस्लामी परंपरेंत तें काम इस्राफीलकडे दिलेलें आहे; म्हणजे आपले मुसलमान शेजारीही एका तुतारीची वाट पाहतात.

आपल्याकडे रणवाद्यांची उणीव नाहीं. गीतेचा पहिला अध्याय शंखनादानें भरलेला आहे, आणि मावळच्या गडांनीं शिंगें व कर्णे पुष्कळ ऐकले आहेत. पण आपल्या शंखानें युद्ध सुरू होतें, पूजा सुरू होते. मेलेल्याला कोणी शंख फुंकून उठवीत नाहीं. तसा नाद ऐकावयाचा तर लष्करी अंत्यविधीस जावें. लोणावळ्यास नौदलाचा ‘शिवाजी’ तळ १९४५ पासून आहे, आणि पुणें तर लष्कराचेंच गांव. तेव्हां आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं तो ऐकला असेल. प्रथम बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ वाजतें. छावणींत रात्रीं पहाऱ्यांची शेवटची फेरी झाली म्हणजे वाजविण्याची ती धून; शिपायाचा दिवस संपला, हा तिचा अर्थ. मग शांतता. आणि त्यानंतर पहांटे सैन्याला उठविण्याची धून. मेलेल्या माणसापाशीं उठण्याचा इशारा कां वाजवावा, हें आम्हांला इतकीं वर्षें कळलें नव्हतें. ही चाल ब्रिटिश फौजेंतून आली आहे, आणि त्या दुसऱ्या धुनेंत शेवटल्या कर्ण्याचीच आठवण आहे. आज हिंदु जवानाच्या चितेपाशींही बिगुल वाजतो, आणि तो परका आहे असें कोणालाही वाटत नाहीं.

मावळच्या मातींत असे वाट पाहणारे किती जण आहेत! १७७९ च्या जानेवारींत राघोबादादांना गादीवर बसविण्यासाठीं इंग्रजांची फौज बोरघाट चढून आली. तिच्यांतला कॅप्टन जेम्स स्टुअर्ट कार्ल्याजवळ मराठ्यांच्या माऱ्यांत पडला. पुढें थोड्याच दिवसांत वडगांवास इंग्रजांना तह करावा लागला. त्याचें शौर्य पाहून मराठ्यांनींच त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटलें. वडगांव मावळ येथें सरकारी कचेरीच्या आवारांत त्याची समाधि आहे, आणि लोक तिला देवस्थानासारखें मानतात. शत्रूनें ज्याचें नांव राखलें असा हा भाग्यवान्.

परंतु सगळ्यांचीं नांवें राहिलीं नाहींत. १८५६ पासून १८६३ पर्यंत बोरघाटांतून लोहमार्ग नेण्याचें काम चाललें होतें. १८६१ च्या आरंभीं तेथें सुमारें ४२,००० मजूर खपत होते. पटकीनें, तापानें, सुरुंगांनीं आणि कड्यांवरून पडून हजारों माणसें मेलीं. १८५९ मध्यें आलेला ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानांत पाय ठेवल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याच्या पत्नीनें, ॲलिस ट्रेडवेलबाईंनीं, ठेका आपल्याकडे घेऊन तो पुरा करविला. त्या दोघांचीं नांवें पुस्तकांत आहेत. त्या हजारों मजुरांना मात्र धड नांवाचा दगडही मिळाला नाहीं. आज आपण गाडींत बसून पोटांतलें पाणी न हालतां ज्या बोगद्यांतून जातों, ते बोगदे त्यांनीं खणलेले आहेत.

येथें आल्यावर कर्ण्याचा अर्थ आम्हांस उमगूं लागला. कोणीही हरवलेला नाहीं, हें तो सांगतो. ज्याचा दगड आहे त्याला आणि ज्याचा नाहीं त्याला, दोघांनाही एकच हांक ऐकूं जाईल. मेलेलें माणूस विसरलें जाण्याचें जें भय सर्व मनुष्यजातीला आहे, त्याला दिलेलें हें एक उत्तर आहे. आपलें उत्तर निराळें आहे. आपण बाप, आजा, पणजा यांना नांवागोत्रानें हांक मारून पाणी देतों. पुढें गुरु, सखा, आप्त यांना देतों. आणि शेवटीं ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत सर्वांना एक ओंजळ सोडतों. तेथें वरून हांक येते आणि मेलेले उठतात. येथें खालून आपण हांक मारतों आणि जिवंतांनीं उठावें लागतें, दर वर्षीं, न चुकतां. दोन्ही एकच आहेत असें आम्ही आतां म्हणणार नाहीं. पण शेजारच्या घरांतली हांक कशासाठीं आहे हें समजलें म्हणजे आपल्या घरांतली हांकही अधिक नीट ऐकूं येते, एवढें मात्र अनुभवानें सांगतों.

भाद्रपदांत सर्वपित्री अमावास्येस आमचे उपाध्ये आले. आत्याबाईंनीं त्यांना सरळ विचारलें कीं, त्या शेवटच्या ओंजळींत आमची सिस्टर येते का? उपाध्ये क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘गवताची काडी येते, मग बाई कां येणार नाहीं?’ तरी आत्याबाईंचें समाधान झालें नाहीं. त्यांनीं बाईंच्या मुलीला बोलावून विचारलें, तुझ्या आईला हें चालेल ना? मुलगी म्हणाली, ‘आमच्यांत अशी रीत नाहीं, आजी. आम्ही तिची काळजी देवावर सोंपविली आहे. पण तुम्हीं आधीं विचारलेंत, हें आईला फार आवडलें असतें.’ मग ओंजळ सोडली गेली.

त्या रात्रीं नातवानें पुन्हा तोच प्रश्न काढला. पाऊस सरत आला होता. एवढ्या मोठ्या झोंपेंतून मावशी एका कर्ण्यानें कशी जागी होईल, अशी त्याला शंका होती. आम्हीं पौलाचें पत्र, चांदीचे कर्णे, भाताचें बीं, सगळें मनांत जुळवून उत्तर देण्यास तोंड उघडलें; पण आत्याबाईंनीं हातानेंच आम्हांला थांबविलें.

‘ती एका हांकेंत उठायची रे,’ त्या म्हणाल्या. ‘तुझ्या बापाच्या वेळीं मीच गेलें होतें हांक मारायला. दुसरी मारावी लागली नाहीं.’

नातू झोंपला. आम्हींही मग कांहीं बोललों नाहीं.